हिब्रूला निकुद लावताना या चुका टाळा

हिब्रू-मराठी प्रार्थनापुस्तिकांची प्रुफं माझ्याकडे तपासायला येतात. पुस्तिका वेगळी, जुळणी करणारे वेगळे, चुका मात्र त्याच. निकुद म्हणजे हिब्रू व्यंजनांच्या खाली, वर आणि पोटात बसणारी स्वरचिन्हं. इस्रायलमधल्या वर्तमानपत्रांत ती नसतात, कारण वाचणाऱ्याला शब्द आधीच ठाऊक असतो. प्रार्थना, कविता आणि लहान मुलांची पुस्तकं यांत मात्र ती लागतात. तिबेरियाच्या मसोरा-पंडितांनी, म्हणजे हिब्रू बायबलचा पाठ जपणाऱ्या विद्वानांनी, बसवलेली ही पद्धत १००८ सालच्या लेनिनग्राड हस्तलिखितात पाहावी. एकेक टिंब कसं जागच्या जागी आहे!

सर्वात जास्त घोळ होतो तो 'वाव' या अक्षराचा. पोटात टिंब असलं की तो 'ऊ', डोक्यावर असलं की 'ओ', एवढं पाठ करून नवशिके कामाला लागतात. पण वाव हे व्यंजनही आहे. नेहमीच्याच आशीर्वचनात दोन्ही सापळे शेजारी शेजारी आहेत: 'अशेर किद्देशानू बेमित्स्वोताव वेत्सिव्वानू'. 'मित्स्वोताव'मधला पहिला वाव 'व' आहे आणि त्याच्यावर 'ओ'चा होलाम आहे. 'वेत्सिव्वानू'मधल्या मधल्या वावच्या पोटातलं टिंब दागेशचं, म्हणजे द्वित्वाचं आहे, आणि त्याच्या खाली कामात्स, म्हणजे 'आ'चं चिन्ह, आहे.

एका छापखान्यात शब्बाथच्या पुस्तिकेचं काम चाललं होतं. ऑपरेटरने नक्षीदार फॉन्ट निवडला. त्यात चिन्हं बसवायची सोयच नव्हती, त्यामुळे वावखालचा कामात्स दिसेना. फॉन्ट बदलायचा सोडून त्याने छोट्या सुट्या टेक्स्ट बॉक्समध्ये कामात्स टाइप केले आणि माउसने सरकवून अक्षरांखाली नेऊन ठेवले. पडद्यावर सगळं सुंदर दिसलं. नंतर कोणीतरी मथळा मोठा केला, मजकूर एक ओळ खाली सरकला आणि बॉक्स होते तिथेच राहिले. पुस्तिका तशीच छापली गेली. मोठ्या माणसांना प्रार्थना तोंडपाठ, कोणाच्याच लक्षात आलं नाही. एका मुलीने अक्षर लावून 'वेत्सिऊनू' वाचलं तेव्हा सगळे तिलाच सुधारायला लागले. वास्तविक छापलं होतं तेच ती वाचत होती! मला याचा अजूनही संताप येतो. चिन्हं ज्यांच्यासाठी असतात त्यांनाच आपण तोंडघशी पाडलं.

म्हणून माझी सवय सांगते. प्रत्येक वावपाशी थांबून त्याच्या आधीचं अक्षर बघायचं. त्या अक्षराला स्वतःचं चिन्ह असेल, मग ते शेवा (स्वर नसल्याचं किंवा ओझरत्या स्वराचं चिन्ह) का असेना, तर वाव हे व्यंजन. 'मित्स्वोताव'मध्ये त्सादी (त्स) या अक्षराखाली शेवा आहे, 'वेत्सिव्वानू'मध्ये हिरिक, म्हणजे 'इ'चं चिन्ह. अशा व्यंजन-वाववरच्या होलामसाठी युनिकोडमध्ये वेगळं चिन्ह आहे, तेच वापरा. साधा होलाम टाकला तर पुष्कळ फॉन्टांत 'मित्सोताव' वाचण्याची सोय होते. आणि चिन्ह हे अक्षराला जोडूनच टाइप झालं पाहिजे. चित्रासारखं चिकटवलेलं निकुद मी तपासतच नाही, परत पाठवते.

दुसरी मोठी चूक म्हणजे बिननिकुदी मजकूर उचलून त्यावर चिन्हं शिंपडणं. निकुद नसताना वाचकाला मदत म्हणून जादा वाव आणि योद ही अक्षरं लिहितात. त्याचे नियम हिब्रू भाषा अकादमीने ठरवलेले आहेत, २०१७ मध्ये ते सुधारलेही. निकुद आलं की यातली बरीच अक्षरं काढावी लागतात. 'शुल्खान' म्हणजे टेबल: निकुदाशिवाय वाव घालून लिहितात, निकुदासह वाव जातो आणि शीनखाली कुबुत्सची, म्हणजे 'उ'ची, तीन तिरकी टिंबं येतात. 'दिब्बेर'मधला योद तसाच जातो. पण 'शालोम'मधला वाव दोन्हीकडे राहतो! त्यामुळे सरसकट फाइंड-रिप्लेस चालत नाही. प्रत्येक शब्द कोशात बघायचा. कंटाळा येत असेल तर हे काम घेऊ नये.

आपोआप निकुद लावणारी साधनं आहेत, डिक्ता या संस्थेचं 'नाकदान' चांगलं आहे आणि फुकट आहे. पण सामेख-पे-रेश ही तीन अक्षरं दिली तर 'सेफेर' म्हणजे पुस्तक, 'साप्पार' म्हणजे न्हावी की 'साफार' म्हणजे मोजलं, हे संदर्भावरून ठरतं. शब्दावर क्लिक केल्यावर पर्याय दिसतात, ते न बघता सगळं कॉपी करणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

मराठी माणसाची खास चूक: नुसत्या अक्षरात 'अ' आहेच असं धरून चालणं. देवनागरीत तो असतो, हिब्रूत नसतो. 'अ' हवा तर पताख लावावाच लागतो.

मराठी उच्चार लिहिताना 'कामात्स म्हणजे आ' असा तक्ता डोळे मिटून वापरू नका. 'खोखमा'मधला पहिला कामात्स 'ओ' आहे. 'कोल'मधलाही.

शब्दाच्या शेवटच्या खेत (ख) या अक्षराखालचा पताख खेतच्या आधी उच्चारतात: 'रूआख', 'नोआख'. 'रूखा' नव्हे.

शीनचं ('श'चं) टिंब उजवीकडे, सीनचं ('स'चं) डावीकडे. 'इस्राएल'मध्ये सीन आहे.

योद-हे-वाव-हे या देवाच्या नामाखाली दिसणारी चिन्हं जोडून वाचू नका. तिथे 'अदोनाय' म्हणतात, मराठी उच्चारातही तेच लिहा.

बायबलच्या मजकुरात 'येरुशालाइम' (जेरुसलेम) बहुधा योदशिवाय येतं आणि लामेद (ल) या अक्षराला पताख व हिरिक अशी दोन चिन्हं असतात. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे चिन्हं ठरावीक क्रमाने लावून घेणं, झालं की हिरिक पताखच्या आधी जातो. दोघांच्या मध्ये सीजीजे हे अदृश्य चिन्ह घातलं की क्रम टिकतो.

फॉन्ट एझ्रा एसआयएल किंवा एसबीएल हिब्रू घ्या. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कम्पोझर चालू ठेवा, मराठीलाही तोच लागतो. ओळींमधलं अंतर वाढवा, नाहीतर खालची चिन्हं पुढच्या ओळीच्या होलामला जाऊन भिडतात.