पाठ किंवा खांदा दुखावल्यानंतर कयाक घेताना

कयाक म्हणजे पाय पुढे करून बसून वल्हवायची अरुंद, छोटी होडी. ती घेण्याआधी फिजिओकडे जा. मात्र "कयाकिंग करू का?" एवढंच विचारू नका. पाय पुढे करून तासभर बसणं, कमरेतून वळणं, वजन उचलणं आणि पाण्यातून अंग वर ओढून घेणं, या चारही गोष्टी वेगवेगळ्या विचारा. मणक्यांमधली गादी सरकलेल्याला बसणंच जड जातं, खांदा निखळलेल्याला अंग वर ओढणं.

दुकानात सगळ्यात जास्त वेळ सीटला द्या. पाय सरळ पसरून बसलं की मांडीमागचे स्नायू ताणतात, कंबर मागे ओढली जाते, तिचा नैसर्गिक बाक जातो आणि भार गाद्यांवर येतो. म्हणून सीट तळापासून थोडी उंच हवी आणि फूटरेस्ट मागेपुढे सरकवून गुडघे किंचित वाकलेले ठेवता यायला हवेत. टेकू कमरेला लागावा. खांद्याच्या पात्यांपर्यंत जाणारा टेकू बघायला आरामशीर वाटतो, पण वळताना अडतो. कयाक जमिनीवर ठेवायला सांगून अर्धा तास बसाच, दुकानदार कंटाळला तरी. पायाला मुंग्या आल्या तर ती सीट तुमच्यासाठी नाही.

मग उठून बघा. झाकलेल्या कयाकमधून पाय ओढून बाहेर काढताना पाठीला पीळ पडतो. उघड्या, वर बसायच्या कयाकवर दोन्ही पाय एका बाजूला सोडून गुडघाभर पाण्यात सरळ उभं राहता येतं. पाठीचं दुखणं असेल तर मी हीच घ्यायला सांगेन. उंच सीटमुळे डोलणं वाढतं, तेव्हा रुंदी पाऊण मीटरच्या पुढे असू द्या.

वजनाचा विचार पाण्याबाहेरचा. दहा फुटी प्लास्टिकची कयाक साधारण वीस-पंचवीस किलोची असते, पायाने चालवायची पेडलवाली त्याहून बरीच जड. पेडलमुळे खांद्याला विश्रांती मिळते खरी, पण पाय रेटताना कंबर सीटवर दाबली जाते, तेव्हा आधी चालवून बघा. जड कयाक गाडीच्या टपावर चढवायची असेल तर दुसरा माणूस आणि चाकांची ट्रॉली हवीच. हवा भरायची कयाक हलकी, पण हातपंप मारताना वाकावं लागतं. गाडीच्या सॉकेटवर चालणारा पंप घ्या.

खांदा दुखावलेल्यांनी पैसे वल्ह्यावर खर्च करावेत. ते तासाला दोन-तीन हजार वेळा फिरतं, त्यामुळे अॅल्युमिनियमऐवजी कार्बनचं घेतल्यावर वाचणारे तीन-चारशे ग्रॅम जाणवतात. पातं अरुंद निवडा. वरचा हात खांद्याच्या वर जाऊ देऊ नका आणि मागे बघायचं असेल तर धडासकट वळा. हात उंच आणि मागे असताना झटका बसला, तर खांदा पुन्हा निखळू शकतो.

पहिली फेरी धरणाच्या शांत पाण्यात, सकाळी, वारा सुटण्याआधी. तारकर्लीजवळ कर्ली नदीत उतरणार असाल तर भरतीबरोबर आत जा, ओहोटी लागल्यावर परता आणि देवबागच्या मुखापासून लांब राहा, ओहोटीचं पाणी तिथून समुद्राकडे ओढतं. सोबत कुणीतरी हवंच. छातीभर पाण्यात मुद्दाम उतरून परत चढायचा सराव करा. पाय अडकवायला कयाकला पट्ट्याचा फास बांधून ठेवला, तर चढताना जोर पायांवर येतो, खांद्यावर नाही.