दर तीन आठवड्यांनी रक्त लागणाऱ्या लेकरांसाठी: पांढऱ्या काविळीचं (हिपॅटायटिस बी) काय?

माझ्या लेकीला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे कायम रक्त चढवावं लागणारा आजार. रक्त चढवायच्या डे-केअरला नवीन आई दिसली की मी आधी विचारते, "अँटी-एचबीएस किती आलंय?" म्हणजे पांढऱ्या काविळीविरुद्धची प्रतिपिंडं, शरीराची संरक्षक फौज, रक्तात किती आहेत. उत्तर ठरलेलं: "लसी झाल्यात की सगळ्या!"

झाल्या असतील. जन्मल्यावर २४ तासांत एक, मग दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या पेंटाव्हॅलंट या एकत्रित लशीतून. पण काही मुलांत प्रतिपिंडं नीट तयारच होत नाहीत, आणि झालेली वर्षागणिक उतरत जातात. म्हणून आकडा बघायचा.

वेगळी सुई टोचून घेऊ नका. क्रॉसमॅचसाठी (दात्याचं रक्त जुळतंय का ते बघायला) रक्त काढतानाच सिस्टरना सांगा, "एक ट्यूब जास्तीची घ्या." पिशवी लावायच्या आधीच हं; दात्याची प्रतिपिंडं मिसळली तर आकडा फसवा येऊ शकतो. रिपोर्टवर नुसतं 'पॉझिटिव्ह' नको, आकडाच मागा. दहाच्या (mIU/ml) खाली असेल तर डॉक्टरांना बूस्टरचं विचारा आणि डोस पुरे झाल्यावर महिना-दोन महिन्यांनी परत तपासा. आम्ही हे वर्षातून एकदा करतो, सोबत एचबीएसएजी (पांढऱ्या काविळीची लागण आहे का ते सांगणारी चाचणी), एचसीव्ही (हिपॅटायटिस सी), एचआयव्ही. फक्त लस टोचल्यावर लगेच एचबीएसएजी करू नका. लशीतला अंशच काही दिवस रक्तात दिसू शकतो, आणि घरात उगाच रडारड.

रक्तपेढी प्रत्येक पिशवी तपासतेच, तसा कायदा आहे. पण दात्याला नुकतीच लागण झाली असेल तर पहिले काही आठवडे साध्या चाचणीत ती सापडत नाही. नॅट चाचणीने (ही थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधते) हा काळ कमी होतो, संपत नाही. नॅट सक्तीची नाही, तेव्हा "नॅट केलेली पिशवी आहे का?" असं विचारायला लाजू नका. नसली, तर त्यापायी रक्त पुढे ढकलू नका. हिमोग्लोबिन सहावर आणून ठेवणं हा जास्त मोठा धोका.

एसजीपीटी (लिव्हरला इजा झाल्याचं दाखवणारी रक्तचाचणी) वाढलं की "सारख्या रक्तामुळे साठलेल्या लोहामुळे असेल" म्हणून सोडून देणारे पुष्कळ भेटतात. लोह आणि विषाणू दोघं मिळून लिव्हर लवकर खराब करतात. दोन्हींची तपासणी करून घ्या.

आणि एचबीएसएजी खरंच पॉझिटिव्ह आलं, तर लिव्हरच्या डॉक्टरांकडे जा, औषधं आहेत. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून लस द्या. टूथब्रश, नेलकटर, ब्लेड वेगळं. ताट-वाटी वेगळी करायची काही गरज नाही, सासूबाई काहीही म्हणोत.