खारपाणपट्ट्यात स्लॅब टाकण्याआधी

दर्यापूर, अकोट, तेल्हारा, संग्रामपूरकडच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात, बांधायचं असेल तर तयारी पाण्यापासून सुरू करा, सिमेंट नंतर. वापरायच्या बोअरचं पाणी स्वच्छ बाटलीत भरून प्रयोगशाळेत द्या आणि क्लोराइड, म्हणजे सळई गंजवणारा क्षार, किती ते लेखी घ्या. आरसीसीसाठी (सळईच्या काँक्रीटसाठी) आयएस 456 या भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. 2000 चा आकडा बिनसळईच्या काँक्रीटचा. बोलताना नेमका तोच पुढे केला जातो. टीडीएस मीटर विरघळलेले सगळे क्षार एकत्र मोजतं, क्लोराइड वेगळं दाखवत नाही.

‘राखेचं सिमेंट आहे, गंज चढत नाही’ हे अर्धंच खरं. पीपीसीतली, म्हणजे या राखेच्या सिमेंटमधली, फ्लाय अ‍ॅश सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी हळूहळू जुळते, छिद्रं बारीक होतात आणि बाहेरचा क्षार सळईपर्यंत उशिरा पोचतो. पण खारं पाणी मालातच कालवलं तर क्षार पहिल्या दिवसापासून सळईला चिकटलेला! राख त्यातला थोडाच भाग बांधून ठेवते. हिशेब करा: घनमीटर काँक्रीटला 160 लिटर खारं पाणी, त्यात लिटरला 3000 मिलिग्रॅम क्लोराइड, म्हणजे 480 ग्रॅम क्लोराइड; आणि रेती-गिट्टी-सिमेंटसकट मर्यादा 600 ग्रॅम. 600 चौरस फुटांच्या पाच इंची स्लॅबचा माल कालवायला गोडं पाणी साधारण 1200 लिटर लागतं. तेवढ्यासाठी टँकर बोलवाच.

50 किलोच्या पोत्याला 22-23 लिटर पाणी. रेती ओली असेल तर आणखी कमी. वीज केंद्राच्या तळ्यातली राख वरून मिसळू देऊ नका, ती जाड असते.

सळई साच्यापासून दूर धरणारे कव्हर ब्लॉक आधीच ओतून, पिकवून ठेवा: पायाला 50 मिलिमीटर, कॉलमला 40. सळईखाली गिट्टीचा खडा सारला की व्हायब्रेटर लागताच तो निसटतो आणि सळई सेंट्रिंगच्या पत्र्यावर बसते. पुढे तिच्याच रेघेत तांबूस डाग, मग तडा, मग ढपली. कारण गंजाला लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते.

सगळ्यात जास्त हयगय तराईत, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवण्यात, होते. राखेचं काम सावकाश चालतं, म्हणून पीपीसीला 14 दिवस ओल हवी. अर्ध्यात सोडलं तर छिद्रं उघडीच राहतात. वरच्या स्लॅबवर आळी बांधून दोन इंच पाणी उभं करायला एका वेळी 2800 लिटर लागतं, आणि तेही गोडंच. उन्हात पाणी उडून जातं, मीठ तिथंच राहतं. कॉलमसाठी गोणपाट आदल्या संध्याकाळीच भिजत घाला. कोरडं गुंडाळलं तर तेच कॉलमची ओल शोषून घेतं.