खांद्याच्या ऑपरेशननंतर पुन्हा पिस्तूल उचलताना

माझा उजवा खांदा गेला तो ऐन पावसाळ्यात, सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर गाडी घसरून. एमआरआयमध्ये दिसलं की सुप्रास्पायनॅटसचा, म्हणजे हात उचलणाऱ्या स्नायूचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) हाडापासून सुटलाय. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, टेंडन पुन्हा हाडाला टाचला आणि हात पट्ट्यात गेला. मी १० मीटर एअर पिस्तूल खेळते. वय ४६, बँकेत नोकरी, घर पुण्यात सिंहगड रोडला आणि सराव बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर. ऑपरेशनआधी ६०० पैकी ५४५-५५० च्या घरात स्कोअर यायचा. राष्ट्रीय पातळीवर ही काही मोठी गोष्ट नाही, पण माझ्यासाठी त्यात बारा वर्षांची मेहनत होती.

डॉक्टरांनी विचारलं, पिस्तूल किती वजनाचं? म्हटलं, किलोभर. ते म्हणाले, मग काही काळजी नाही. चुकीचं नव्हतं ते, पण अपुरं होतं. तो किलोभर भार हाताच्या अगदी टोकाला असतो आणि हात खांद्याच्या रेषेत आडवा असतो, हे शूटर नसलेल्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. म्हणून पहिलं काम हे करा: डॉक्टरांना आणि फिजिओंना तुमच्या पोझिशनचा फोटो दाखवा, जमलं तर एका शॉटचा व्हिडिओ दाखवा. माझ्या फिजिओताईंनी व्हिडिओ बघितला आणि सगळं वेळापत्रक बदललं.

खाली लिहिलेले आठवडे माझे आहेत. तुमचा टेंडन किती फाटला होता, टाके कसे घातले, वय काय, यावर तुमचे आठवडे ठरतील आणि ते तुमचे सर्जन सांगतील. क्रम मात्र बहुतेकांना लागू पडेल.

भार नेमका किती

हा हिशोब एकदा कागदावर मांडून बघा. माणसाचा एक हात त्याच्या वजनाच्या साधारण पाच टक्के असतो. माझं वजन ६० किलो, म्हणजे हात तीन किलोचा. हात आडवा धरला की त्या वजनाचा मध्य खांद्यापासून साधारण ३० सेंटीमीटरवर येतो, आणि पिस्तूल ६५ सेंटीमीटरवर. तीन गुणिले तीस नव्वद, एक गुणिले पासष्ट पासष्ट. एकूण भारातला निम्म्याहून जास्त भार नुसत्या रिकाम्या हाताचाच आहे. त्यामुळे "रिकाम्या हातानेच तर होल्डिंग (हात नेमाच्या रेषेत स्थिर धरणं) करतेय" असं म्हणून कुणी दहाव्या आठवड्यात भिंतीसमोर उभं राहू नये.

मी राहिले. रिकाम्या हाताने नाही, पिस्तूल घेऊन. अकरावा आठवडा होता, जिल्ह्याची स्पर्धा जवळ आली होती, घरी कुणी नव्हतं. बॉक्स उघडला, ग्रिप हातात घेतली आणि वीस वेळा उचललं. काहीही दुखलं नाही. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. रात्री दोन वाजता खांद्याच्या कळेने जाग आली आणि पुढचे तीन आठवडे मी पुन्हा दोरी-कप्पीच्या व्यायामावर होते. टेंडन हाडाला धरायला साधारण बारा आठवडे घेतो. त्याआधी दुखत नाही याचा अर्थ जुळलंय असा होत नाही.

तेव्हापासून माझी कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळची असते. सकाळी वेणी घालायची. हात मागे नेऊन तीन पेड शेवटपर्यंत घालता आले, रात्री त्या कुशीवर वळल्यावर जाग आली नाही, तर कालचा सराव बरोबर होता. मध्येच हात खाली घ्यावा लागला, तर आजचा सराव निम्मा. वेणी घालत नसाल तर शर्ट डोक्यावरून काढून बघा. सराव चालू असताना काय वाटतं त्यावर विसंबू नका, स्पर्धेच्या ओढीत शरीर खोटं सांगतं.

पट्ट्यातले सहा आठवडे

या काळात खांद्याला काहीही करायचं नाही, फिजिओ करतील तेवढंच. पण शॉट म्हणजे नुसता खांदा नाही. मी रोज रात्री जेवणानंतर खुर्चीत बसून, डोळे मिटून दहा शॉट मारायचे: श्वास, उचल, साईट्स (पिस्तुलावरच्या नेम धरायच्या खुणा), ट्रिगरचा पहिला टप्पा, दाब, शॉट, फॉलो थ्रू (शॉट सुटल्यावरही क्षणभर तसंच धरून राहणं). एका शॉटला खऱ्या शॉटइतकाच वेळ द्यायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात आलं की माझा फॉलो थ्रू मनातसुद्धा नसतो, शॉट सुटला की चित्रच संपतं. बारा वर्षं कोच हेच सांगत होते.

डाव्या हाताने खेळून बघायचा मोह होतो. हंगेरीच्या कारोली टाकाच यांचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं: १९३८ मध्ये हातबाँबने उजवा हात गेला, डाव्या हाताने शिकले, १९४८ आणि १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकले. पण पट्टा असेपर्यंत डाव्या हातानेही उभं राहू नका, तोल सावरताना दुखरा खांदा नकळत आवळला जातो. पट्टा निघाल्यावर विचारून करा, आणि डाव्या हाताची ग्रिप मिळवून करा. उजव्या हाताची ग्रिप डाव्या हातात घेणं धोक्याचं आहे.

तांदळाची पिशवी

चौदाव्या आठवड्यात सर्जननी ताकदीच्या व्यायामाला परवानगी दिली. रबर बँड, फऱ्याचे (खांद्यामागच्या चपट्या हाडाचे) व्यायाम, भिंतीवरचे पुश-अप, हे सगळं फिजिओ शिकवतातच. त्याबरोबर मी एक गोष्ट केली, तिचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला.

पिस्तुलाची लाकडी ग्रिप स्क्रू काढून वेगळी केली. जुन्या सुती ओढणीची छोटी पिशवी शिवली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाव किलो तांदूळ मोजून तिच्यात भरले आणि ती ग्रिपच्या पुढच्या भागाला, जिथे पिस्तुलाचा तोल येतो तिथे, घट्ट बांधली. हाताला ओळखीची पकड, घामाने काळपट झालेला तोच लाकडाचा भाग, आणि वजन मात्र माझ्या हातात. पंधरा दिवस पाव किलो. मग अर्धा, मग पाऊण. किलोवर यायला मला दोन महिने लागले. वाढवायचं ते एकतर वजन किंवा उचलींची संख्या, एका आठवड्यात दोन्ही नाही.

उचलायची पद्धतही ठरलेली. डावा तळवा उजव्या मनगटाखाली धरायचा, दोन्ही हातांनी डोळ्यांच्या रेषेत आणायचं, मग डावा हात काढून तीन सेकंद धरायचं, डावा हात परत खाली लावायचा आणि दोन्ही हातांनी खाली आणायचं. हात हळूहळू खाली आणतानाही खांद्यावर भार येतो, म्हणून खाली येताना आधार हवाच. तीनाचे पाच, पाचाचे आठ सेकंद होईपर्यंत आधार सोडायचा नाही. समोर पांढरी भिंत ठेवा. गोल दिसला की मन स्कोअर मागतं.

पाठीमागून मोबाइलवर व्हिडिओ काढून घ्या. माझी मुलगी काढायची आणि बघता बघता तिचा डोळा इतका तयार झाला की व्हिडिओची गरजच उरली नाही. टेंडन दमला की खांदा कानाकडे चढतो, मानेजवळचा स्नायू ते काम उचलतो आणि आपल्याला वाटतं जमतंय. "आई, कान," एवढंच ती म्हणायची. खांदा कानाकडे चढला की त्या दिवसाचा सराव संपला, मग तिसरी उचल असो की तेरावी.

पाय थोडे उघडा

ऑपरेशनआधी मी टार्गेटला अगदी आडवी उभी राहायचे, छाती पूर्ण बाजूला. त्या पोझिशनमध्ये हात शरीराच्या थेट बाजूने वर जातो आणि टेंडनवरची जागा सगळ्यात कमी होते. खांद्याचा फरा मुळात थोडा पुढे वळलेला असतो, सरळ बाजूच्या रेषेपासून साधारण तीस अंश. हात त्या रेषेत उचलला की खांद्याला सोपं जातं. म्हणून पाय असे वळवले की छाती टार्गेटकडे थोडी उघडली. एकदम नाही, आठवड्याला अर्धं पाऊल. नेम डावीकडे-उजवीकडे सरकतो, तो हाताने ओढून आणायचा नाही, मागचा पाय हलवून आणायचा. डोळे मिटून उचला, उघडा, साईट्स कुठे आहेत बघा, पाय हलवा, पुन्हा. हे महिनाभर चाललं आणि मी ते कधीच परत बदललं नाही.

टार्गेटच्या वर नेऊन खाली उतरायची सवय असेल तर तीही काही महिने बाजूला ठेवा. खालून वर या आणि काळ्या गोलाखाली थांबा. खांद्याच्या वर हात नेण्याची प्रत्येक फेरी वाचते.

रेंजवर

सहाव्या महिन्यात बालेवाडीला गेले. पहिल्या दिवशी दहा शॉट, स्कोअर ७४. कोच स्कोअरकडे बघतही नव्हते, त्यांनी वहीत लिहिलं: उचली १६.

ही नोंद सगळ्यांनी ठेवावी असं मला अगदी मनापासून वाटतं. मॅच ६० शॉटची असते, पण खांदा ६० वेळा उचलला जात नाही. सायटर्स (मॅचआधीचे, स्कोअरमध्ये न धरले जाणारे शॉट) धरा, न मारता खाली घेतलेले शॉट धरा, नव्वदच्या आसपास आकडा जातो. एकेक उचल दहा-बारा सेकंदांची म्हटली तर पंधरा-अठरा मिनिटं हात हवेत. म्हणून "आज तीस शॉट मारले" या वाक्याला अर्थ नाही. मी सोळा उचलींवरून आठवड्याला पाच-सहा वाढवत गेले, मध्ये दोनदा मागे आले. आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर खाली घ्यायचं, आणि ती उचल मोजायची. त्यामुळे एक चांगली गोष्ट झाली: मोजून उचली मिळत असल्यामुळे मी वाईट शॉट ओढून मारणं बंद केलं.

रेंजवर खांदा दमवणाऱ्या इतर गोष्टी आपल्या लक्षातच येत नाहीत. पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर २०० बार दाबापर्यंत हातपंपाने भरणं म्हणजे खांद्याचा सगळ्यात वाईट व्यायाम, मोठ्या टाकीवरून भरून घ्या किंवा कुणाला तरी सांगा. क्लबची जुनी, प्रत्येक शॉटला लिव्हर जोरात दाबून हवा भरायची पिस्तुलं या काळात वापरू नका. टेबल खाली असेल तर वर घट्ट लाकडी पेटी ठेवा, म्हणजे दोन शॉटमध्ये वाकून, हात लांबवून पिस्तूल टेकवावं लागत नाही. आणि पंधरा किलोमीटर स्कूटरवर जाऊन लगेच उभं राहू नका. गर्दीत ॲक्सिलरेटर पिळत आणि ब्रेक दाबत उजवा खांदा तासभर आवळलेला असतो. मी पहिले तीन महिने पीएमपीच्या बसने गेले, बॉक्स डाव्या हातात.

सुरक्षेची एक गोष्ट. दमलेला खांदा अचानक सोडून देतो आणि नळी भलतीकडे फिरू शकते. हात थरथरला की आधी बोट ट्रिगरवरून बाहेर, मग डावा हात मनगटाखाली, मग खाली. घरी रिकाम्या ग्रिपवर हे इतक्या वेळा करा की रेंजवर विचार करावा लागू नये.

रायफलवाल्यांचं गणित वेगळं आहे. स्टँडिंगमध्ये डावं कोपर कमरेवर टेकतं, त्यामुळे डावा खांदा दुखावला असेल तर एअर रायफल लवकर हाती येते. प्रोनमध्ये (पालथं झोपून मारताना) मात्र स्लिंग, म्हणजे रायफलचा पट्टा, त्याच हाताला ओढते, ते शेवटी. शॉटगनचा धक्का थेट खांद्यात बसतो, तिथे सर्जननी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय एकही फैर नको.

औषधांचं

हे कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. ऑपरेशननंतर वेदनेसाठी अनेकदा ट्रॅमाडॉल देतात, ते १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंदी असलेल्या यादीत आहे. खांद्यात घेतात ते स्टिरॉइडचं इंजेक्शनही २०२२ पासून स्पर्धेच्या काळात चालत नाही, आणि शरीरातून जायला त्याला दिवस लागतात. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेत असाल तर नेमबाजीत ते स्पर्धेबाहेरही चालत नाही. उपचार थांबवू नका, पण डॉक्टरांना तुम्ही स्पर्धक आहात हे सांगा, सगळे कागद जपा आणि गरज असेल तर नाडाकडे (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था) टीयूईचा, म्हणजे उपचारासाठी औषध वापरण्याच्या सवलतीचा, अर्ज वेळेत करा. आणि सरावाआधी वेदनाशामक गोळी घेऊन उभं राहू नका, वेणीची कसोटी मग काहीच सांगणार नाही.

पहिली मॅच

दहाव्या महिन्यात क्लबची मॅच खेळले. १५ मिनिटांच्या तयारीत फक्त सहा सायटर्स, उरलेला वेळ बँड आणि रिकामा हात. ७५ मिनिटं पुरून उरतात, म्हणून आधीच ठरवलं होतं: दर दहा शॉटनंतर पिस्तूल टेबलावर, खुर्चीत दोन मिनिटं. ३७ व्या शॉटला खांदा चढायला लागला, तेव्हा चार मिनिटं बसले. शेजारच्या लेनमध्ये शॉट वाजत होते, घड्याळ चालू होतं आणि उठावंसं फार वाटत होतं. स्कोअर ५२१. उचली ८३.

त्यानंतर दोन दिवस सुट्टी, तिसऱ्या दिवशी पुन्हा तांदळाची पिशवी, अर्ध्या किलोवर. २५ मीटरचं पॉइंट टू टू (.२२ बोअरचं) पिस्तूल अजून कपाटात आहे. पुढच्या तपासणीला त्याचा व्हिडिओ घेऊन जाणार आहे.