संमतीपत्रावर सही घेताना या चुका टाळा

गोवंडीच्या एका वस्तीत मावशींनी औषधाच्या अभ्यासासाठी संमतीपत्रावर सही केली. आठवड्याने पुन्हा गेले, तर म्हणाल्या, "ताई, रिपोर्ट कधी येणार?" आम्ही 'क्लिनिकल चाचणी' म्हणालो होतो. त्यांच्या लेखी चाचणी म्हणजे रक्त, लघवी, नाहीतर एक्स-रे. त्यांनी सही केली ती रक्ततपासणीला. तिला संमती म्हणता येत नाही, चूक पूर्णपणे आमची होती.

तेव्हापासून मी सुरुवातच अशी करते: "हे औषध नवीन आहे. त्याने गुण येतो का, त्रास होतो का, हे डॉक्टरांनाही अजून पक्कं माहीत नाही. तेच बघायचंय." माहितीपत्रकातला 'यादृच्छिक' हा शब्द तर वस्तीत कुणालाच कळत नाही. चिठ्ठी टाकावी तसं कॉम्प्युटर ठरवतो, कुणाला नवं औषध आणि कुणाला नेहमीचं, असं सांगितलं की लगेच उमगतं. अशी भाषा कागद एथिक्स कमिटीकडे, म्हणजे अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या समितीकडे, जाण्याआधीच त्यात आणा. मंजूर मजकुरात नंतर परस्पर बदल करता येत नाही.

"समजलं का?" असं विचारणं

सकाळपासून केसपेपर घेऊन रांगेत उभं राहिलेलं माणूस डॉक्टरांच्या तोंडावर "नाही समजलं" म्हणत नाही. मान हलते, आणि आपण पुढच्या पानावर जातो. त्यापेक्षा विचारा, "घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगाल?" उत्तर आलं की "डॉक्टर चांगलं औषध फुकट देणार आहेत," तर पहिल्यापासून सांगायला घ्या. औषध अजून तपासलं जातंय, नको म्हटलं तरी नेहमीचे उपचार बंद होणार नाहीत, आणि मध्येच सोडता येतं, हे तिन्ही त्यांच्या तोंडून आलं पाहिजे. दुसरी गोष्ट सगळ्यात अवघड. सरकारी दवाखान्याशिवाय ज्याला दुसरा आसरा नाही, त्याचा तिच्यावर सहजासहजी विश्वास बसत नाही.

आणि पाणी यायच्या वेळी कुणाच्या दारात जाऊ नका. बाईचं अर्धं लक्ष नळाकडे असतं.

भलत्याचीच सही

ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी क्लिनिकल चाचण्यांच्या 2019 च्या नियमांनुसार निःपक्ष साक्षीदार लागतो, आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर हवा. अंगठा झाल्यावर वॉर्डातल्या आयाबाईंना हाक मारून सही घेणं चालत नाही. मंडळाच्या कार्यकर्त्याचा होकार म्हणजे फक्त वस्तीत शिरायची परवानगी. एचपीव्ही लसीच्या (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या) अभ्यासात तेव्हाच्या आंध्रच्या, आता तेलंगणातल्या, खम्मम जिल्ह्यात मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. 2013 मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. नवऱ्याने "करून टाक" म्हटलं तरी बाईला एकटीला विचारा.

नव्या रसायनापासून बनलेल्या औषधाच्या चाचणीत दुर्बल गटातली व्यक्ती असेल, तर संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं लागतं. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त आवाज पुरतो. कॅमेरा कशासाठी, हे तो सुरू करण्याआधी सांगा.

पैसे आणि कागद

रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा पडतो, म्हणून प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्यायलाच हवी. पण सगळी रक्कम शेवटच्या भेटीपर्यंत अडवून ठेवू नका, नाहीतर त्रास होत असूनही माणूस चाचणी सोडत नाही. दर भेटीला द्या.

संमतीपत्राची प्रत त्यांना मिळालीच पाहिजे. पण दहा बाय दहाच्या खोलीत तो कागद सगळ्यांच्या हाती लागतो. टीबीचं किंवा एचआयव्हीचं नाव त्यावर असेल, तर कुठे ठेवणार ते आधी विचारा. एका ताईंनी तो रेशनकार्डाच्या पिशवीत न ठेवता माहेरी बहिणीकडे दिला.

शेवटी एक छोटं काम. चाचणीच्या औषधाने त्रास झाला तर उपचार मोफत, असं आपण सांगतो आणि कागदावरचा नंबर दाखवतो. तो नंबर आधी स्वतः लावून बघा, रविवारी रात्री.