रायपेरियन हा शब्द कुठं वापरायचा आणि कुठं नाही

सांगलीत अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरांना हा शब्द इंग्लिश पेपर वाचताना हमखास अडतोय म्हणून लिहितोय. स्पेलिंग आर-आय-पी-ए-आर-आय-ए-एन, उच्चार रायपेरियन, काहीजण रिपेरियन म्हणतात, दोन्ही चालतं. अर्थ सोपाय, नदीच्या काठाचा. लॅटिनमध्ये रिपा म्हणजे काठ. अराइव्ह पण त्यातनंच आलाय, मूळ अर्थ काठाला लागणं, नाव काठाला लागली की पोचलो, हे एकदा डोक्यात बसलं की शब्द विसरत नाही.

पण घोळ वापरात होतो. आपण मराठीत काठचा हा शब्द कशालाही लावतो, कृष्णाकाठची माणसं, कृष्णाकाठची वांगी, सगळं चालतं. इंग्लिशमध्ये तसं नाही, वांग्याला रायपेरियन म्हटलं तर वाचणारा अडखळणार. हा शब्द जमीन, झाडझाडोरा, पाण्याचा हक्क आणि राज्य असल्यांच्याच पुढं शोभतो, म्हणजे रायपेरियन लँड (आपली मळीची रानं), रायपेरियन फॉरेस्ट, रायपेरियन राइट्स. आणि शक्यतो नामाच्या आधीच लावा, अवर व्हिलेज इज रायपेरियन असं लिहू नका, कानाला खटकतं.

सगळ्यात जास्त भेटतो तो रायपेरियन स्टेट, म्हणजे ज्याच्या हद्दीतनं नदी जाते ते राज्य. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, कराडला कोयना मिळते, हरिपूरला वारणा, मग कर्नाटक आणि पुढं तेलंगणा, आंध्र. त्यामुळं महाराष्ट्र अप्पर रायपेरियन आणि खालची तिन्ही आपल्या हिशोबानं लोअर रायपेरियन. कर्नाटक मात्र आपल्याला लोअर आणि तेलंगणाला अप्पर, म्हणजे कुणाच्या तुलनेत बोलतोय ते बघूनच लिहायचं, इथं बरेचजण चुकतात. 1969 ला कृष्णेच्या पाणीवाटपासाठी बच्छावत लवाद नेमला गेला, त्यावरचा कुठलाही इंग्लिश लेख काढा, हा शब्द सापडणारच.

खुद्द नदीच्या प्रवाहानं घडलेल्या गोष्टीला, म्हणजे वाहून आलेल्या गाळाला वगैरे, फ्लूव्हियल म्हणतात. समुद्रकिनाऱ्याला लिटोरल. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर उभं राहून बघा, काठावरची झाडं रायपेरियन, खाली साचलेला गाळ फ्लूव्हियल.