दुर्मीळ इंग्रजी आडनावाचं मूळ गाव कसं शोधावं

वाईत राहणाऱ्याला ‘वाईकर’ म्हणून काय उपयोग? तिथे सगळेच वाईचे. हे आडनाव चिकटतं ते वाई सोडून दुसरीकडे बिऱ्हाड केलेल्याला. गावांवरून पडलेल्या इंग्रजी आडनावांचंही बरेचदा हेच झालं. एवढी गोष्ट डोक्यात ठेवली की निम्मा शोध सोपा होतो, कारण कुळ सापडतं ते बहुधा गावात नाही, तर गावापासून दिवसभराच्या वाटेवर.

उदाहरणाला ‘ॲटनबरो’ घेऊ. ‘गांधी’ चित्रपटाचे दिग्दर्शक रिचर्ड आणि निसर्गपटांचे डेव्हिड या भावांमुळे नाव जगभर झालं, पण हे आडनाव लावणारी माणसं मुळात थोडी. शिवाय या एका आडनावात शोधाचे जवळजवळ सगळे खाचखळगे भेटतात.

आधी स्पेलिंगं गोळा करा

देवनागरीत ‘बरो’ लिहिलं की संपलं. इंग्रजीत तेच शेवटी ‘ओ-यू-जी-एच’ लावून लिहितात, ‘आर-ओ-डब्ल्यू’ लावूनही लिहितात. जुन्या काळी नाव सांगणारा निरक्षर असायचा आणि पाद्री कानाला लागेल तसं लिहायचा. सख्ख्या भावांची स्पेलिंगं वेगळी निघाली तर दचकू नका. जमतील तेवढी रूपं एका कागदावर उतरवा आणि पुढे प्रत्येक ठिकाणी सगळी शोधून पाहा.

मग 1881 च्या जनगणनेवरून नकाशा काढा

ब्रिटनमध्ये 1801 पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते, पण देशभर घरागणिक नावं पद्धतशीर मिळतात ती 1841 पासून. त्या वर्षी पंधरावरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती, म्हणून 39 वर्षांचा माणूस 35 चा दिसू शकतो. जन्मगाव 1851 पासून लिहू लागले. 1881 ची जनगणना आपल्याला सगळ्यात सोयीची: तिची नावं पूर्ण उतरवलेली आहेत आणि फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. पुढचीही हवी असेल तर 1921 पर्यंत जाता येतं. 1931 ची इंग्लंड-वेल्सची कागदपत्रं 1942 च्या आगीत जळाली, 1941 साली युद्धामुळे जनगणनाच झाली नाही, आणि कागद शंभर वर्षं बंद ठेवायचा नियम असल्यामुळे 1951 साठी 2052 उजाडावं लागेल.

नुसती डोकी मोजू नका, दर लाखाला किती ते काढा. 1881 साली लंडनची वस्ती 38 लाखांच्या घरात होती, नॉटिंगहॅमशर या काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, चार लाखांहून थोडी कमी. समजा एखाद्या आडनावाची दोन्हीकडे चाळीस-चाळीस माणसं आहेत. लंडनमध्ये ती लाखाला एक पडतात, नॉटिंगहॅमशरमध्ये दहा. मूळ कुठे, हे लगेच दिसतं. लंडन हा प्रत्येक नकाशावरचा चकवा आहे, कारण पोटासाठी सगळेच तिथे गेले. एकोणिसाव्या शतकात तिथल्या ॲटनबरोंचा गहाणवटीचा धंदा इतका जोरात होता की लंडनकराला ते नाव ऐकून आधी सावकाराचं दुकान आठवायचं. पण ते कुळाचं मूळ नव्हे, बाजारपेठ.

लाखाच्या हिशेबाने ॲटनबरो दाटतात ते नॉटिंगहॅमशर आणि त्याला लागून असलेल्या डर्बीशरमध्ये.

त्या टापूत नावाचं गाव आहे का?

आहे. नॉटिंगहॅमच्या नैर्ऋत्येला, ट्रेंट नदीच्या काठी ॲटनबरो नावाचं गाव आहे. वाळू-खडी काढून झालेल्या खाणींची तळी होऊन तिथे पक्ष्यांचं राखीव क्षेत्र झालं, आणि 1966 साली त्याचं उद्घाटन केलं डेव्हिड ॲटनबरो यांनीच.

इथे घाई करू नये. मध्ययुगीन इंग्रजीत ‘ॲटन’ म्हणजे ‘च्यापाशी’. ‘ॲटन ॲश’, म्हणजे ॲश झाडापाशी राहणारा, याचंच पुढे ‘नॅश’ झालं. त्या चालीवर ॲटनबरो म्हणजे ‘गढीपाशी राहणारा’ असा अर्थ लावायचा मोह होतो. नीटनेटका दिसणारा अर्थ आला की मी आधी संशय घेतो. अशा वेळी आजचं रूप बाजूला ठेवून गावनावाची सगळ्यात जुनी नोंद पाहायची. नॉटिंगहॅम विद्यापीठाने इंग्लंडच्या गावनावांचा कोश ऑनलाइन खुला ठेवला आहे, तो या कामाला उत्तम. या गावाच्या जुन्या रूपांवरून अर्थ निघतो तो अ‍ॅडा नावाच्या कुणा माणसाशी जोडलेली गढी. ‘ॲटन’शी संबंध नाही. आडनावांसाठी 2016 साली ऑक्सफर्डने काढलेला ब्रिटन-आयर्लंडचा चारखंडी कोश आहे. महाग आहे, ग्रंथालयातच बघावा.

आणि सुरुवातीचं वाईकरांचं सूत्र? या भावांचे वडील फ्रेडरिक ॲटनबरो 1887 साली जन्मले ते स्टेपलफर्डला. ॲटनबरो गावापासून हे ठिकाण सहज चालत जाण्याइतकं जवळ. पुढे ते जुन्या इंग्रजीचे अभ्यासक झाले आणि इंग्लंडच्या सुरुवातीच्या राजांचे कायदे त्यांनी संपादित केले. आपल्या आडनावातली ‘गढी’ मूळ भाषेत वाचू शकणारे असे थोडेच!

एकेक पिढी मागे जा

हे काम वेळखाऊ आहे. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद 1 जुलै 1837 पासून सुरू झाली. तिची सूची फ्रीबीएमडी या संकेतस्थळावर फुकट पाहता येते, पण जन्माच्या या सूचीत आईचं माहेरचं नाव 1911 च्या उत्तरार्धापासूनच येतं. त्याआधीचं हवं असेल तर सरकारी नोंदणी कार्यालयाची स्वतःची ऑनलाइन सूची पाहा, तिथे ते 1837 पासून दिलेलं आहे. दुर्मीळ आडनावाचा फायदा इथे कळतो: स्मिथ शोधणारा हजारो नोंदींत बुडतो, तुम्ही अख्ख्या जिल्ह्यातल्या सगळ्या नोंदी दोन बैठकींत उतरवून काढाल. तशाच काढा, ‘आपल्या’ वाटणाऱ्या तेवढ्याच नको. नंतर त्यांची कुटुंबं जुळवत बसा.

1837 च्या मागे चर्चची दप्तरं: बाप्तिस्मा, लग्न, दफन. आठव्या हेन्रीच्या राज्यात, 1538 साली, ती ठेवण्याचा हुकूम निघाला, म्हणून फार नशीब असेल तर तिथवर पोचता येतं. ॲटनबरोंसाठी नॉटिंगहॅमचं अभिलेखागार आणि मॅटलॉकचं डर्बीशर अभिलेखागार, दोन्ही पाहायला हवीत, कारण गाव काउंटीच्या सीमेजवळच आहे. 1640 आणि 50 च्या दशकांत राजा आणि संसद यांच्यातल्या यादवीमुळे अनेक दप्तरांत खंड पडलेला दिसतो. त्या यादवीतला, संसदेच्या बाजूने लढलेल्या क्रॉमवेलचा सेनानी आणि जावई हेन्री आयर्टन हा ॲटनबरोचाच, 1611 चा जन्म.

तारखांचीही एक अडचण आहे. 1752 च्या आधी इंग्लंडात नवं वर्ष 25 मार्चला लागायचं. दप्तरात फेब्रुवारी 1700 असेल तर आपल्या हिशेबाने तो फेब्रुवारी 1701. हे विसरलात तर लग्नाआधीच मूल झालेलं दिसेल आणि उगाच कुणाची तरी बदनामी होईल.

शेवटी डीएनए

आडनाव बापाकडून मुलाकडे जातं, वाय गुणसूत्रही तसंच. लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी 40 ब्रिटिश आडनावांच्या पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासून 2009 साली निष्कर्ष मांडले. स्मिथ आडनावाचे पुरुष एकमेकांशी रस्त्यावरच्या कुणाही दोघांइतकेच जुळत होते, कारण लोहार गावोगाव होते. ॲटनबरोंमध्ये मात्र दहापैकी आठहून जास्त पुरुषांचं गुणसूत्र एकाच प्रकारचं, आणि तोही ब्रिटनमध्ये कमी आढळणारा. म्हणजे बहुतेक सगळे एकाच मूळपुरुषाचे.

बाकीच्यांचं काय? दत्तक, आईचं आडनाव लावलेली मुलं, विवाहबाह्य संबंध. पिढीला एक टक्का गळती धरली तरी 25 पिढ्यांत पाचव्या हिश्श्याहून जास्त माणसं मूळ धाग्यातून सुटतात. तुमचा नमुना जुळला नाही तर त्याचा अर्थ एवढाच. चाचणीआधी घरच्यांना हे सांगून ठेवा.

आडनाव दुर्मीळ का राहतं, याचं उत्तर मात्र साधं आहे. एका घरात सहा मुलगे, शेजारी सहा मुली. दुसऱ्या घराचं आडनाव तिथेच थांबलं. 1348 ची प्लेगची साथ अशा कितीतरी आडनावांवरून फिरली असणार. नावं अशी नुसत्या योगायोगाने कशी बुडतात, याचं गणित फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी 1874 साली मांडलं.

नाव इकडच्या थडग्यावर सापडलं तर

एखादं अनोळखी इंग्रजी आडनाव पुण्या-साताऱ्याकडच्या जुन्या दफनभूमीत वाचून कुतूहल वाटलं असेल, तर शोध उलट्या टोकाने सुरू होतो. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनांच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, ‘एन 3’ या मालिकेत. माणूस ब्रिटिश पलटणीतला असेल तर नोंदीतून पलटणीचं नाव मिळण्याची शक्यता असते. पेन्शनीत निघालेल्या शिपायांचे कागद लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यूओ 97’ मध्ये आहेत, त्यात जन्माचं गाव लिहिलेलं असतं. ते मिळालं की 1881 चा नकाशा काढा, आणि त्या गावाभोवती दिवसभराच्या वाटेएवढं वर्तुळ मारून कामाला लागा.